रिकामा खिळा

तिने शाफ्ट उभा धरला, त्याच्या टोकावर बेअरिंग टेकवलं आणि हात काढून घेतला. बेअरिंग तिथेच अडायला हवं होतं. हातोडीचे चार बेताचे ठोके बसल्याशिवाय ते पुढे सरकता कामा नये, असंच ते माप ठरवलेलं असतं. पण ते आपलं आपणच निघालं, शाफ्टवरून सरसर खाली आलं आणि तळाशी आपटून खणकन वाजलं.

शेजारच्या मशीनवरच्या पैलवानाने मान वळवली. पैलवान म्हणजे फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून तर त्याला पैलवान म्हणत. त्याने बेअरिंगकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि मग घाईघाईने स्वतःच्या मशीनकडे असा वळला, जणू काही ऐकलंच नाही.

तो आवाज या कारखान्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता. जॉब, म्हणजे हातात घेतलेला तुकडा, बिघडल्याचा आवाज. एरवी तो झाला की एकेक मशीन बंद पडायचं, माणसं हात पुसत पुढे यायची आणि पाठोपाठ मिस्त्री यायचे. मिस्त्रींचा आवाज म्हणजे कंप्रेसरवर मात करणारा. बिघडवणाऱ्याची अक्कल, त्याचे डोळे, त्याला कामावर घेणारा मालक, या सगळ्यांचा उद्धार व्हायचा. मग तो बिघडलेला तुकडा तारेत अडकवून मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा, खाली खडूने माणसाचं नाव लिहायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, नेमकं काय चुकलं. ही पद्धत मिस्त्रींच्याही मिस्त्रीपासूनची. भिंतीवरचा पहिला तुकडा खुद्द मिस्त्रींचा होता, एक दात जास्त पडलेलं दातेरी चाक. त्या काळात त्यांना वर्षभर सगळे अक्कलदाढ म्हणत होते, आणि हे ते स्वतःच हसत हसत सांगत. पैलवानाचे तीन तुकडे होते. भांडारातल्या म्हाताऱ्या काकांचा एक होता. ज्याचा तुकडा भिंतीवर नाही असा कारखान्यात एकही माणूस नव्हता.

फक्त तिचा नव्हता.

मिस्त्री आले. त्यांनी शाफ्ट उचलला, बेअरिंग वरखाली करून पाहिलं. त्यांच्या गळ्याची शीर फुगली, तोंड उघडलं. मग समोर कोण उभं आहे ते त्यांच्या ध्यानात आलं, आणि उघडलेलं तोंड त्यांनी मिटून घेतलं.

"असू द्या, ताई," ते म्हणाले. "ठेवा तिथे. मी बघतो."

"मिस्त्री, बहुतेक हँडल जरा जास्त फिरलं. मला नक्की कळलं नाही की..."

"होतं असं. तुम्ही नका मनाला लावून घेऊ. दुसरं काम घ्या."

त्यांनी शाफ्टवर एक पोतं टाकलं, आजारी माणसाला पांघरूण घालावं तसं, आणि ते निघून गेले. कुणाचंही मशीन बंद पडलं नाही.

ती पोत्याकडे बघत उभी राहिली. सहा महिन्यांच्या उमेदवारीतले आठ दिवस उरले होते. त्या आठ दिवसांनंतर ती मशीनवर कायम होणार की नाही, ते मिस्त्री ठरवणार होते. आणि तिला हेही माहीत होतं की हा तिचा पहिला बिघडलेला जॉब नव्हता. याआधीचे दोन असेच पोत्याखाली गेले होते.

*

दुपारी मालक एका गिऱ्हाइकाला घेऊन कारखाना दाखवायला आले. गिऱ्हाईक तिच्या मशीनपाशी थबकलं.

"बाई मशीनवर? वा!"

"आमच्याकडे समानता आहे," मालक म्हणाले. त्यांच्या केबिनच्या दारावर तसा कागदही चिकटवलेला होता, मागे कुणी शिबिर घेऊन गेलं होतं तेव्हापासून. "नुसती बोलायची नाही. विचारा मिस्त्रींना."

मिस्त्रींची छाती फुगली. ते मनापासून बोलले, यात काडीचीही शंका नाही.

"सहा महिन्यांत ताईंना कुणी एक वाकडा शब्द बोललेलं नाही, साहेब. यांच्यासमोर कुणी शिवी देत नाही. मीसुद्धा नाही. मी शिवी देत नाही म्हणजे बघा!"

सगळे हसले. तीही हसली, कारण हसण्यासारखंच होतं. तिचा पाय तेव्हा पोत्याला लागलेला होता.

आणि मिस्त्री बोलले ते अक्षरशः खरं होतं. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन आली की कुणीतरी पटकन उठायचं, कारखान्यातलं एकुलतं एक स्टूल पुढे करायचं आणि चिंधीने ते पुसायचं. बाकी सगळे जमिनीवर नाहीतर उलट्या खोक्यांवर. ती बसली की चाललेली गोष्ट मध्येच तुटायची. पैलवान छताकडे बघत म्हणायचा, "आज जरा उकडतंय." मग सगळे उकाड्याविषयी बोलायचे. थंडीत थंडीविषयी. सहा महिन्यांत हवामानावर इतकी चर्चा वेधशाळेतही झाली नसेल. ती डबा संपवून उठायची, दाराबाहेर नळापाशी जायची, आणि मागून खो खो हसण्याचा आवाज यायचा. ते तिला हसत नव्हते, हे तिला ठाऊक होतं. तुटलेली गोष्ट पुढे सुरू झालेली असायची, एवढंच.

चांगली माणसं होती. नेमकी हीच तिची अडचण होती. वाईट असती तर घरी जाऊन चार शिव्या घालता आल्या असत्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या मशीनशेजारच्या खोक्यात नवा शाफ्ट होता. तिने बेअरिंग टेकवून पाहिलं. अडलं. चार ठोक्यांत जागेवर बसलं.

तिने शाफ्ट उजेडात धरला. टोकाची कड कानशीने तीनदा, एकाच दिशेने मोडलेली होती. तशी कड एकच माणूस मोडायचा, मिस्त्री. शाफ्टबरोबरच्या कामाच्या कार्डावर मात तिचंच नाव होतं, आणि 'पास' असा शिक्का.

मिस्त्री चहाचा पेला घेऊन जवळ आले. नेहमीप्रमाणे चार हात अंतरावर थांबले. पुरुषांच्या हातातली हत्यारं ते सरळ हिसकावून घेत, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवल्यासारखे उभे राहत. तिच्याशी बोलताना मात्र मध्ये अख्खी बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी ठेवत.

"ताई, एक चांगली बातमी आहे. मालकांशी बोलून ठेवलंय मी. सोमवारपासून तुम्ही तपासणीच्या टेबलावर. कायम."

तिने कार्ड खाली ठेवलं.

"तिथे पंखा आहे," मिस्त्री म्हणाले. "खुर्ची आहे. हात काळे व्हायचे नाहीत. तयार झालेले जॉब मोजायचे आणि शिक्का मारायचा. तुमच्यासाठी अगदी बरोबर आहे."

"माझं काम वाईट आहे का, मिस्त्री?"

"छे छे! तुमच्या नावावर एकही बिघाड नाही!"

"मग मशीन का काढून घेताय?"

त्यांनी चहात पाहिलं. मग कुणीतरी हाक मारली, निदान त्यांना तरी तसं वाटलं, आणि ते "आलो, आलो" करत गेले.

तिला मशीन हवं होतं. का हवं होतं, ते तिला कधी नीट सांगता आलं नाही. लोखंडाचा खडबडीत गंजका तुकडा फिरायला लागतो, हत्यार लागतं, कीस कुरळा होऊन पडायला लागतो आणि आतून आरशासारखी चकाकी बाहेर येते, तेव्हा तिची नजर तिथून हलायची नाही. घरच्यांचा विरोध पत्करून ती प्रशिक्षणाच्या वर्गात गेली होती. बत्तीस पोरांत एकटी. हे सगळं खुर्ची आणि पंख्यासाठी केलेलं नव्हतं.

*

संध्याकाळी नवरा ताटं घासत होता आणि ती पुसून फळीवर लावत होती. नवरा टपाल विभागणीच्या कचेरीत कामाला होता. तिने त्याला शाफ्टचं सांगितलं.

"म्हणजे तुझा बिघडलेला जॉब त्यांनी स्वतः परत करून ठेवला? आणि तुला काही बोललेसुद्धा नाहीत?"

"नाही."

"देवमाणूस आहे की! आणि तू तोंड का पाडून बसलीयेस?"

तिने एक ताट दोनदा पुसलं.

"तू नवीन होतास तेव्हा तुला कुणी ओरडलं होतं?"

"मला?" त्याचा चेहराच उजळला. "अगं, काय विचारतेस! दुसऱ्याच आठवड्यात मी अख्खं पोतं भलत्या गाडीत चढवलं. पत्रं गेली तिकडे दुसऱ्या टोकाला. हेडक्लार्क असे आले, चष्मा कपाळावर, आणि सगळ्यांसमोर..." त्याने साबणाचे हात कमरेवर ठेवले आणि आवाज जाडा केला. "'काय हो राजे, डोकं दिलंय ते नुसतं टोपी घालायला का? वाचता येतं की पोत्याला विचारून चढवता?' सगळी कचेरी हसतेय! मला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि मग दुपारी त्यांनीच शेजारी बसवून चिठ्ठ्या कशा वाचायच्या ते शिकवलं. अजूनसुद्धा पोतं उचललं की मी आधी चिठ्ठी दोनदा बघतो. हेडक्लार्क रिटायर झाले तेव्हा मी रडलो होतो, माहितीये?"

तो हसत हसत तिच्याकडे वळला. ती हसत नव्हती. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने नळ बंद केला.

"अच्छा," तो म्हणाला. "असं आहे होय."

"त्यांनी मला एकदाही सांगितलेलं नाही, माझं काय चुकतं ते," ती म्हणाली. "मलाही माहीत नाही. तीन जॉब बिघडले, तिन्ही का बिघडले मला माहीत नाही. मी हँडलला दोष देतेय."

नवऱ्याने नळ पुन्हा सुरू केला आणि उरलेली ताटं घासली. पुन्हा देवमाणसाचं नाव त्याने काढलं नाही, हेच तिला बरं वाटलं.

*

सकाळी ती अर्धा तास आधी आली. भांडारातले काका कुलूप उघडत होते.

"काका, परवाचं भंगार गेलं का?"

"गाडी आज यायचीय. का हो, ताई?"

भंगाराच्या पेटीत तिने कोपरापर्यंत हात घातले. तिचा शाफ्ट तळाशी होता, हातभर लांब, चांगला जड. तिने तो पुसला, काकांकडून तार मागून घेतली, दोन वेढे दिले आणि मागच्या भिंतीपाशी गेली. दुसऱ्या रांगेत, पैलवानाच्या तिसऱ्या तुकड्याच्या पुढे, एक रिकामा खिळा होता. तिने शाफ्ट त्याला अडकवला.

माणसं आली. एकेक जण भिंतीकडे बघून दारातच थांबत होता, मागचा पुढच्यावर आदळत होता. कुणी मशीन सुरू केलं नाही. पैलवान तिच्याकडे बघून हळूच म्हणाला, "ताई, काढा ते. मिस्त्रींना वाईट वाटेल." तिला त्याही परिस्थितीत हसू आलं.

मिस्त्री आले. त्यांनी शाफ्ट पाहिला.

"हे कशाला, ताई?"

"माझा आहे."

"मला माहितीये तुमचा आहे. मी तो निस्तरला होता ना?"

"पैलवानाने हा शाफ्ट बिघडवला असता तर तुम्ही काय म्हणाला असता, मिस्त्री?"

"ते तुमच्यासमोर बोलण्यासारखं नाही."

"मला ऐकायचंय."

कुणीतरी खोकलं. मिस्त्रींनी टोपी काढली, पुन्हा घातली. मशीनं बंद होती, त्यामुळे ते हळू बोलले तरी सगळ्यांना ऐकू येत होतं. हे त्यांनाही कळत होतं. पण एकदा सुरुवात झाल्यावर त्यांना थांबता आलं नाही.

"माझं तोंड फार वाईट आहे, ताई. तुम्हाला वाटतं तेवढं सोपं नाही ते. माझी पोरगी सातवीत होती. गणितात अडली की वही घेऊन माझ्याकडे यायची. एकदा एकच गणित तीनदा चुकलं. मी बोललो, इथे बोलतो तसंच. जास्त नाही. ती रडली नाही, काही नाही. वही मिटली आणि उठून गेली." त्यांनी नाक पुसलं. "आता ती मोठी नोकरी करते. फोन आला की आईशी बोलते. वही काही तिने माझ्याकडे परत आणली नाही. तेव्हापासून मी ठरवलंय, बायकामाणसांच्या वाट्याला जायचं नाही. नाजूक असतं ते. मोडलं की मोडलं."

कारखान्यात सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मिस्त्रींना पोरगी आहे हे बऱ्याच जणांना आजच कळत होतं.

तिला त्यांची दया आली, आणि रागही आला. दोन्ही एकदम. तिने मशीनवरचा माप घ्यायचा मायक्रोमीटर उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

"मी आणलीये वही," ती म्हणाली. "तीनदा चुकलंय. काय चुकतंय ते मला समजत नाहीये."

मिस्त्रींनी मायक्रोमीटरकडे पाहिलं. मग शाफ्टकडे. कारागिराच्या डोक्यात कसं असतं, दुःख बिचारं एका बाजूला उभं राहतं आणि माप पुढे येतं. त्यांनी हिशेब मांडायला घेतला.

"किती जास्त कापला गेला होता?"

"अर्धा मिलिमीटर."

"आणि आधीचे दोन?"

"तेही अर्धाच."

"हं." त्यांनी मायक्रोमीटर घेतला, तिच्याकडे पाठ करून तो फिरवला, एका जागी घट्ट केला आणि तिच्या हातात दिला. "वाचा."

तिने तो उजेडात धरला. नीट पाहिला.

"पस्तीस पॉइंट अठ्ठ्याण्णव."

पैलवानाने डोळे मिटून घेतले.

"परत वाचा," मिस्त्री म्हणाले. त्यांचा आवाज विचित्र झाला होता.

"पस्तीस पॉइंट अठ्ठ्याण्णव."

आणि मग ते झालं. मिस्त्रींनी ठरवून केलं नाही, ठरवून त्यांना ते जमलंही नसतं.

"अगं, डोळे आहेत का शर्टाची बटणं?" ते गरजले. वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. "अठ्ठ्याण्णव कुठनं आणलंस? घरनं डब्यात घालून आणलंस? ही बघ! ही! ही अर्ध्याची रेघ आहे ना, ती नुसती डोकावतेय! बाहेर आलीये का? आलीये का? डोकावणारी रेघ मोजायची नाही! पस्तीस पॉइंट अठ्ठेचाळीस आहे ते! तू धरतेस अर्धा जास्त आणि मग कापत सुटतेस अर्धा जास्त! लोखंड काय झाडाला लागतं? सहा महिने! सहा महिने ही बया अशी मापं वाचतेय आणि मी..." ते थांबले. कारण तो रागाचा झोत आता त्यांच्यावरच येऊन पडत होता. "आणि मी गाढवासारखा पोती टाकत बसलोय!" मग त्यांची नजर भिंतीवर गेली आणि त्यांना नवा दम आला. "आणि ही तार कुणी बांधली? दोन वेढे? हातभर लोखंडाला दोन वेढे? खाली आला तर कुणाच्या पायाचा भुगा करणारेस? काढ तो! मधोमध धर, चार वेढे दे आणि पीळ घाल!"

बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटासुद्धा ऐकू आली.

मिस्त्रींचा चेहरा पांढराफटक पडला. हात तसाच भिंतीकडे राहिला होता, तो त्यांनी हळूच खाली घेतला. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. वही मिटण्याची वाट बघत होते.

तिचे डोळे भरून आले होते, हे खरं. कानही तापले होते. कुणालाही सगळ्यांसमोर असं बोललेलं आवडत नाही, आणि तिलाही आवडलं नव्हतं. पण तिच्या डोक्यात फक्त ती रेघ होती. डोकावणारी रेघ. ती तिला आता दिसत होती, आणि एवढी स्पष्ट दिसत होती की इतके दिवस कशी दिसली नाही याचंच तिला नवल वाटत होतं. वर्गातही ती मागच्या बाकावर बसायची. मास्तर पोरांच्या हातातून मायक्रोमीटर काढून घेऊन दाखवत, तिला लांबूनच विचारत, समजलं ना?

तिने बाहीने डोळे पुसले आणि मायक्रोमीटर पुढे केला.

"परत लावा."

मिस्त्रींनी तो घेतला. त्यांनी तो फिरवला आणि दिला.

"बावीस पॉइंट सत्तेचाळीस."

"अर्धा बघितलास?"

"बघितला. डोकावतोय. धरला नाही."

"हं. परत."

त्यांनी तिला वीस वेळा वाचायला लावलं. अकराव्या वेळी ती चुकली आणि त्यांनी तिच्या हातातून मायक्रोमीटर हिसकावून घेतला. आता ते तिच्या खांद्यापाशी उभे होते, मधली बैलगाडीची वाट कधी बुजली ते त्यांना कळलं नव्हतं. विसाव्या वेळेनंतर ते माणसांकडे वळून ओरडले, "तमाशा चाललाय का इथे? मशीनं काय मालक येऊन चालू करणार?"

मशीनं सुरू झाली. तिने तार चार वेढ्यांनी बांधली, पीळ घातला. मिस्त्रींनी खिशातून खडू काढला, खिळ्याखाली हात नेला आणि थोडा विचार केला. 'ताई' असं लिहिणं कसंसंच वाटलं असावं. त्यांनी लिहिलं: पॉइंट फाइव्ह.

*

अकराच्या सुमारास मालक आले.

"काय मिस्त्री, मग सोमवारपासून ताईंना तपासणीला बसवायचं ना? खुर्ची पुसून ठेवायला सांगितलीये."

"तपासणीला?" मिस्त्री म्हणाले. "हिला माप वाचता येत नाही, साहेब, आणि तपासणीला बसवताय? गिऱ्हाइकं पळून जातील. मशीनवर राहू द्या. माझ्या नजरेसमोर."

मालक गोंधळले.

"पण तुम्हीच म्हणालात, त्यांच्या हातून एकही जॉब..."

मिस्त्रींनी अंगठ्याने मागच्या भिंतीकडे खूण केली. मालकांनी भिंत पाहिली, खडूने लिहिलेलं वाचलं, तिच्याकडे पाहिलं. ती जॉब मोजत होती. डोळा मायक्रोमीटरला इतका चिकटवून की पापणी लागत होती.

"मग कायम करायचं की नाही?" त्यांनी विचारलं.

"कायमच करायचं. मशीनवर," मिस्त्री म्हणाले. "तयार व्हायला अजून तीन वर्षं लागतील. पैलवानाला पाच लागली होती."

"चार!" पैलवान मशीनवरून ओरडला.

*

जेवणाची सुट्टी झाली. हात धुऊन, डबा घेऊन ती आली तेव्हा सगळे बसलेले होते. गोष्ट ऐन रंगात आली होती, कुणाच्या तरी सासऱ्याची आणि हरवलेल्या कवळीची. ती जवळ येऊन उभी राहिली. गोष्ट तुटेल म्हणून ती सवयीने थांबली.

कवळी पाण्याच्या टाकीत सापडली. सगळे खो खो हसले. काकांना ठसका लागला.

स्टुलावर पैलवान बसला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, पण तो उठला नाही. हलला पण नाही.

"उभी काय राहिलीस, पॉइंट फाइव्ह?" तो म्हणाला. "बस की."

तिने एक खोकं पायाने ओढलं, उलटं केलं आणि त्यावर बसली. खोक्यावर तेलाचा डाग होता, तो तिच्या कपड्यांना लागला.

"चला, सुरू कर," मिस्त्री डब्याचं झाकण काढत म्हणाले. "काय चुकलं ते सांग सगळ्यांना. आणि जरा मोठ्याने, काकांना ऐकू येत नाही."

तिने पहिला घास घेतला आणि तोंडात घास असतानाच सांगायला सुरुवात केली.